काडतुसाची मान : एका सरळ रेषेचा इतिहास

रायफलच्या काडतुसाचे चार घटक असतात : इतर तिघांना एकत्र धरून ठेवणारी पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला आणि आघात होताच ठिणगी देणारा प्राइमर, त्या ठिणगीने पेटणारी दारू आणि पुंगळीच्या तोंडाशी घट्ट बसलेली गोळी. आधुनिक रायफलची पुंगळी बाटलीच्या घाटाची असते. खाली रुंद देह, त्यावर उतरता खांदा आणि खांद्यावर अरुंद मान, अशी तिची रचना असून गोळी या मानेत बसते. मानेचा मध्य आणि देहाचा मध्य एकाच सरळ रेषेत असेल, कारखान्यातल्या भाषेत सांगायचे तर मान ‘सेंटरला’ असेल, तरच गोळी नळीत सरळ शिरते. मान केसभरही कलली, तर गोळी तिरपी उभी राहते आणि तो तिरपेपणा निशाणाच्या कागदावर उमटतो. या मानेचा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की नेम का हुकतो याचा शोध घेणाऱ्यांना दोषाचे मूळ प्रत्येक पिढीत एकेक पायरी मागे सापडत गेले. हा शोध गोळीपासून सुरू झाला, मानेवर आला, मानेला आकार देणाऱ्या साच्यापर्यंत गेला आणि शेवटी जिच्यातून पुंगळी घडते त्या पितळी वाटीपाशी येऊन थांबला.

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि तो आला तेव्हा काडतूस कागदाचे होते. कागदाच्या सुरळीत मोजून दारू आणि गोळी गुंडाळलेली असे. शिपायाने सुरळी दातांनी फाडायची, दारू नळीच्या तोंडातून ओतायची आणि मागून गोळी ठासायची, अशी ही पद्धत होती. १८५७ साली ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून हिंदी शिपायांत असंतोष भडकला, ती एन्फिल्ड रायफलची काडतुसे याच जातीची होती. या काडतुसाला मान नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. कागद हे केवळ वेष्टन होते आणि गोळीला मध्यावर आणण्याचे काम ठासणीचा गज आणि नळी या दोघांचे होते.

रायफल मागून भरली जाऊ लागली तेव्हा हे चित्र पालटले. ब्रिटिश सैन्याने १८६६ साली स्नायडर पद्धत स्वीकारली आणि तिच्यासाठी वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असलेले, लोखंडी बुडाचे काडतूस सिद्ध केले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली, म्हणजे या संक्रमणाच्या ऐन काळात, उभा राहिला. त्यानंतर १८७१ साली आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी लहान व्यासाची, ०.४५ इंचाची, होती आणि दारू मात्र भरपूर हवी होती. लांबलचक पुंगळी हाताळायला अवघड जाते, म्हणून देह रुंद ठेवून तोंड आवळण्याचा मार्ग निवडला गेला आणि ब्रिटिश सैनिकाच्या हाती मान असलेले काडतूस आले. परंतु गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी सहज चेपत असे आणि तापलेल्या रायफलीत अडकून बसत असे. सुदानमधील १८८४-८५ च्या मोहिमेत या दोषाचा बोभाटा झाला आणि त्यानंतर अखंड पितळातून ओढून काढलेल्या पुंगळीने गुंडाळीची जागा घेतली.

ओढकामाची ही प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यात दडलेला आहे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पितळेची जाड चकती कापून ती प्रथम वाटीसारखी दाबतात. मग ती वाटी एकापेक्षा एक अरुंद छिद्रांतून पहारीसारख्या दट्ट्याने ढकलत नेली की तिच्या भिंती पातळ आणि लांब होत जातात, तर बूड जाडच राहते. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होते, म्हणून ते तापवून पुन्हा नरम करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीत घडवणीच्या हातोड्याखाली कडक झालेले तांबे भट्टीत लाल करून पुन्हा ठोकण्याजोगे करतात, त्यामागचे तत्त्वही हेच. शेवटी नळकांड्याचे तोंड साच्यात दाबून खांदा आणि मान घडवतात. पहिली चकती दाबताना दट्ट्या छिद्राच्या बरोबर मध्यावर नसेल, तर वाटीची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते आणि हा असमतोल पुढच्या प्रत्येक ओढीत लांबत जाऊन थेट मानेपर्यंत पोचतो.

फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी १८८४ साली धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलपासून लहान व्यासाची, वेगवान गोळी सर्वत्र रूढ झाली. ब्रिटनचे उत्तर म्हणजे .३०३ चे काडतूस. त्यातली कॉर्डाइट नावाची दारू भुकटीच्या रूपात नसून शेवयांसारख्या लांब कांड्यांच्या रूपात असे आणि कांड्यांची ही जुडी अरुंद मानेतून आत जाणे शक्य नव्हते. त्यामुळे पुंगळी सरळ नळकांड्याच्या अवस्थेत असतानाच तिच्यात कांड्या भरल्या जात आणि नंतर, दारू पोटात असतानाच, तिच्या तोंडाला आवळून मानेचा आकार दिला जाई. भरलेल्या दारूवर मान घडवण्याची ही रीत आज वाचताना अंगावर काटा येतो, पण दोन महायुद्धांत अशी अगणित काडतुसे तयार झाली. खडकीत बनलेल्या .३०३ च्या पुंगळ्यांच्या बुडावर कोरलेली ‘के एफ’ ही अक्षरे आजही जुन्या पुंगळ्यांवर आढळतात.

मानेने आपले दुखणे प्रथम उघड केले ते भारतात. ब्रिटिश सैन्याच्या लक्षात आले की पावसाळाभर साठवलेल्या पितळी पुंगळ्या, त्यांना कोणी हातही न लावता, आपोआप तडकतात आणि तडा बहुधा मान गोळीला आवळते त्याच ठिकाणी पडतो. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा अनेकदा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला जाई. मोसमाशी जोडलेल्या या विकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव मिळाले. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दिले : घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, पावसाळी हवेतील ओल आणि घडवताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमांवरून फाटते. अमोनिया आणि ओल ही बाहेरची निमित्ते होती. मूळ कारण घडणीतच होते. मान आवळताना धातूला जी जबरदस्ती झाली होती, तिची वाट मोकळी करून दिलेली नव्हती. उपाय म्हणून कोरड्या कोठारांबरोबरच घडलेली मान शेवटी एकदा हलकेच तापवून तिच्यातला ताण काढण्याची पायरी पक्की झाली. लष्करी पुंगळीच्या मानेवर आणि खांद्यावर दिसणारी निळसर-जांभळी झाक म्हणजे या तापवणीची खूण होय आणि अमेरिकी लष्करी काडतुसांवर ती पुसून न टाकता तशीच ठेवली जाते.

मानेच्या सरळपणाचा प्रश्न मात्र कारखान्यांत नव्हे, तर पुंगळी पुन्हा वापरणाऱ्यांच्या हातांत आकाराला आला. काडतुसाच्या चार घटकांपैकी दारू, गोळी आणि प्राइमर एका बारात खर्ची पडतात. सर्वांत महाग असलेली पुंगळी मात्र जवळपास जशीच्या तशी हाती उरते. अमेरिकेच्या माळरानांवर १८७० च्या दशकात रानरेड्यांची शिकार करणारे लोक दुकानांपासून फार दूर असत आणि तळावरच आपली काडतुसे पुन्हा भरत. जॉन बार्लो यांनी १८८४ साली कनेटिकटमध्ये स्थापन केलेल्या आयडियल कंपनीने पकडीसारखे सुटसुटीत अवजार घरोघरी पोचवले. या प्रथेला प्राइमरच्या रचनेनेही हात दिला. अमेरिकेचे हायरम बर्डन आणि ब्रिटनचे बॉक्सर यांनी जवळपास एकाच काळात दोन रचना काढल्या. त्यांपैकी बॉक्सर यांच्या रचनेत पुंगळीच्या बुडाच्या मधोमध एकच छिद्र असल्याने जळका प्राइमर आतून साध्या सळईने ढकलून काढता येतो, तर बर्डन यांच्या रचनेत ते शक्य नसते. इतिहासाचा योग असा की ब्रिटिशाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात, त्यामुळे पुनर्भरणाची परंपराही अमेरिकेतच सर्वाधिक फोफावली.

त्या काळच्या अचूक नेमबाजीत मानेला बाजूला ठेवण्याकडे कल होता. जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत आणलेल्या शुत्झेन स्पर्धांत अनेक नेमबाज दारूची पुंगळी वेगळी आणि गोळी वेगळी भरत. नामांकित नळीकार हॅरी पोप यांच्या पद्धतीत तर गोळी नळीच्या पुढच्या तोंडातून सरकवून जागेवर आणली जाई आणि मागून फक्त दारूने भरलेली पुंगळी लावली जाई. एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून संपूर्ण स्पर्धा पार पडत असे. गोळीला सरळ बसवण्याचे काम पुंगळीवर सोपवणे या कारागिरांना धोक्याचे वाटत होते आणि त्यांची ती शंका रास्त होती, हे पुढे सिद्ध झाले.

ही शंका प्रयोगाच्या कसोटीवर घासली ती डॉ. फ्रँकलिन मान यांनी. मॅसॅच्युसेट्समधील हे डॉक्टर (१८५६–१९१६) हाडे दळण्याच्या यंत्रातून सधन झाले आणि ती मिळकत त्यांनी एका प्रश्नासाठी खर्च केली : एकाच नळीतून, एकाच दारूने, एकाच पद्धतीने सोडलेल्या गोळ्या एकाच जागी का पडत नाहीत? माणसाच्या हाताचा दोष वगळता यावा म्हणून त्यांनी जमिनीत रुतवलेल्या भक्कम काँक्रीटच्या चौथऱ्यावर नळी बसवली आणि त्याला ‘शूटिंग जिब्राल्टर’ असे नाव दिले. मग त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवल्या. काहींची टोके चेपली, काहींची बुडे तिरपी कापली, आणि वाटेत ठेवलेल्या कागदी पडद्यांवरून त्यांच्या प्रवासाचा माग घेतला. टोकाला झालेली इजा गोळी बरीचशी सहन करते, पण बुडाचा तिरपेपणा तिला सहन होत नाही आणि नळीत तिरपी शिरलेली गोळी बाहेर पडताना वाट सोडते, हे या परिश्रमांतून स्पष्ट झाले. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ या ग्रंथाने नेमाच्या चर्चेला अंदाजाच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर आणले.

तिरपेपणाचा परिणाम एवढा मोठा का होतो, हे साध्या हिशोबाने दाखवता येते. नळीच्या आतल्या बाजूला पिळासारखे आटे कोरलेले असतात आणि ते गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात. आट्याचा एक फेरा चौदा इंचांत पूर्ण होत असेल आणि गोळीचा वेग सेकंदाला ३,२०० फूट असेल, तर ती सेकंदाला सुमारे २,७०० फेरे घेत नळीबाहेर पडते. तिरपी बसल्यामुळे तिचा गुरुत्वमध्य नळीच्या मध्यरेषेपासून इंचाच्या दहाहजारांश भागाने, म्हणजे ०.००२५ मिलिमीटरने, जरी सरकला, तरी नळीबाहेर येताच तिला सेकंदाला सुमारे ४३ मिलिमीटर इतका आडवा वेग मिळतो. शंभर यार्डांचा पल्ला गाठायला साधारण एकदशांश सेकंद लागत असल्याने गोळी चार मिलिमीटरहून थोडी जास्तच बाजूला पडते. डोळ्याला न दिसणारी चूक कागदावर अशी स्पष्ट उमटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चांगल्या दर्जाच्या गोळ्या स्वतंत्रपणे विकत मिळू लागल्या. फ्रेड हंटिंग्टन यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या आरसीबीएससारख्या कंपन्यांनी भक्कम प्रेस आणि डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारे पोलादी साचे, बाजारात आणले. याच काळात बेंचरेस्ट हा खेळ उदयाला आला. यात रायफल मेजावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच किंवा दहा गोळ्या झाडतात आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजतात. जितके कमी अंतर, तितके श्रेष्ठ कौशल्य. १९५१ साली या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. नेमबाजाच्या हाताचा कंप जवळपास बाद झाल्यामुळे आता जबाबदारी काडतुसावर आली आणि सर्वांच्या नजरा मानेकडे वळल्या.

मान नेमकी कुठे वाकडी होते, याचा माग या लोकांनी चिकाटीने काढला. बार झाला की पुंगळी फुगून रायफलच्या कोठीच्या, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेच्या, भिंतींना चिकटते. तिला पुन्हा मूळ मापावर आणण्यासाठी डायमध्ये दाबतात, तेव्हा मान गरजेपेक्षा जास्त आवळली जाते. मग सळईवरची एक गोल गुंडी मानेतून बाहेर खेचून आतला व्यास योग्य मापाला आणतात. ही गुंडी वर खेचली जात असताना पुंगळीचे बूड खाली घट्ट धरलेले असते आणि नरम मान जिकडे कमी विरोध असेल तिकडे झुकते. देह सरळ असतो, मानेची आतली बाजूही गुळगुळीत असते, पण दोघांच्या मध्यरेषा जुळत नाहीत. ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात ए. ए. अॅबाटिएलो यांनी १९६० च्या सुमारास तिरप्या गोळीचे मापन या विषयाची मांडणी केली आणि मोजण्याचे साधन सामान्य नेमबाजापर्यंत पोचले. भरलेले काडतूस दोन आधारांवर आडवे ठेवायचे, गोळीवर डायल गेजची सुई टेकवायची आणि काडतूस बोटाने हळूहळू फिरवायचे. सुई जागची हलली नाही तर सगळे सेंटरला आहे, आणि ती मागेपुढे डोलू लागली तर त्या डोलण्यालाच ‘रनआउट’ म्हणतात. इंचाच्या हजारांश भागाचे, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरचे, हे डोलणे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मेही नसते. तरीही ते टाळण्यासाठी एकेका पुंगळीवर तास घालवणारे लोक होते आणि आहेत.

मोजता येऊ लागले तसे उपायही सुचू लागले. काहींनी गुंडी काढून टाकली आणि फक्त मान आवळणारे, हव्या मापाची कडी बदलता येईल असे डाय वापरायला सुरुवात केली. काहींनी गोळी बसवताना पुंगळी आणि गोळी दोघांनाही एकाच नळकांड्यात सरळ धरणारे हातडाय पसंत केले. परंतु जाणकारांना लवकरच उमगले की अनेकदा डाय निर्दोष असतो आणि खोट पितळेतच असते. मानेची एक बाजू जाड व दुसरी पातळ असेल, तर आवळल्यानंतर दोन्ही बाजू सारख्या उसळून परत येत नाहीत आणि गोळी पातळ बाजूकडे सरकते. म्हणून मान बाहेरून तासून तिची जाडी चहूकडे सारखी करण्याची पद्धत रूढ झाली. तरीही काही पुंगळ्या दर बारागणिक केळ्यासारख्या वाकत राहिल्या, कारण देहाची जाड बाजू कमी ताणली जात होती आणि पातळ बाजू जास्त. मान कितीही तासली तरी हा दोष जात नव्हता, कारण तो पहिल्या वाटीबरोबर, दट्ट्या मध्यावरून किंचित ढळला त्या क्षणी, जन्माला आला होता.

या जाणिवेचे फळ म्हणजे १९७५ च्या सुमारास रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक लुई पाल्मिसानो आणि साचेकार फेरिस पिंडेल यांनी सिद्ध केलेले ६ पीपीसी हे काडतूस. रशियन ७.६२ × ३९ काडतुसापासून निघालेल्या .२२० रशियन पुंगळीची निवड करून त्यांनी तिची मान सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी रुंदावली आणि खांदा उंच व तीव्र कोनाचा केला. फिनलंडमध्ये बनलेल्या उत्तम पितळेच्या पुंगळ्या मिळाल्यामुळे त्यांच्या कामाला बळ आले. बेंचरेस्ट रायफलींच्या कोठ्या मानेच्या जागी साधारण ०.२६२ इंच व्यासाच्या, इतक्या तंग कोरल्या जाऊ लागल्या की न तासलेल्या मानेचे काडतूस त्यांत बसूच नये. मानेला कलायला जागाच उरली नाही तर ती सरळ राहील, हा त्यामागचा विचार. बेंचरेस्टच्या मैदानांवर या काडतुसाने दशकानुदशके वर्चस्व राखले. मान यांच्याप्रमाणेच पाल्मिसानोही व्यवसायाने डॉक्टर होते. लक्षणावर न थांबता रोगाच्या मुळापर्यंत जाण्याची वैद्यकीय वृत्ती या क्षेत्रालाही लाभली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

भारतात ही पुनर्भरणाची परंपरा रुजली नाही, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. महाराष्ट्रातील नेमबाजांनी मिळवलेले मोठे यशही प्रामुख्याने .२२ रिमफायर रायफलीवरचे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पटकावलेले विश्वविजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसळे यांचे पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक ही त्याची उदाहरणे. रिमफायर पुंगळीत ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असल्याने ती पुन्हा भरता येत नाही आणि तिला वेगळी मानही नसते. म्हणून हे खेळाडू काडतुसे दुरुस्त करत नाहीत, तर निवडतात. कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसे शिकंज्यात पकडलेल्या आपल्या नळीतून झाडून पाहायची आणि जो लॉट एका छिद्रात गोळ्या गोळा करतो तो उचलायचा, अशी त्यांची रीत आहे. बेंचरेस्टचा कारागीर डायल गेजच्या सुईवर ज्या सरळपणाचा शोध घेतो, तोच हे खेळाडू कागदावरच्या छिद्रांत वाचतात.

पुंगळी घडवण्याचे काम मात्र महाराष्ट्रात अखंड चालू आहे. खडकीच्या जोडीला भुसावळजवळ वरणगाव येथे १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. तिथल्या ओढकामाच्या यंत्राखालून पितळेची वाटी सरळ बाहेर आली, तर पुढे तिच्या मानेवर कोणालाही मेहनत घ्यावी लागत नाही आणि ती तिथेच कलली, तर पुढच्या कोणत्याही हाताला तो दोष झाकता येतो, पुरता काढता येत नाही. पागेत तडकलेल्या पुंगळीपासून डायलच्या डोलत्या सुईपर्यंत दीडशे वर्षांत माणसाने जे शिकून घेतले, त्याचे सार हेच आहे. मानेचे भाग्य मान घडण्यापूर्वी, पितळेची चकती दट्ट्याखाली मध्यावर ठेवणाऱ्या हातांत ठरते, आणि नेमाच्या श्रेयात त्या अनामिक हातांचा वाटा पहिला आहे.